शिकायला विलायतेला : जबलपूरच्या घरांसाठी एक वाटाड्या

ब्रिटनमधल्या मोठ्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडले की घरात पेढे वाटले जातात. पण खरी परीक्षा त्याआधी आणि त्यानंतर असते. अर्ज केव्हा करायचा, पैसा किती लागतो, व्हिसाला कोणाच्या खात्यातली रक्कम चालते, परत आल्यावर पदवीला मान किती? आई-वडील आणि मुले यांनी एकत्र बसून वाचावी अशी ही माहिती.

निकालाचे दिवस आले की राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार या भागांतल्या मराठी घरांमधून एकच चर्चा सुरू होते. पुढे काय? पूर्वी उत्तरे ठरलेली असत. मुलगा हुशार असेल तर इथलेच इंजिनिअरिंग कॉलेज, नाहीतर नागपूर, फार तर पुणे. आता त्या यादीत मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम ही नावेही ऐकू येतात. शेजारच्यांची मुलगी गेली, ऑफिसातल्या साहेबांचा मुलगा गेला, मग आपल्याच मुलाने का जाऊ नये, असे वाटणे साहजिक आहे. मात्र "गेला" आणि "शिकून सुखरूप मार्गी लागला" यांत बरेच अंतर असते.

मराठी माणसाला विलायतेची वाट नवी नाही. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. आपल्याच मध्य प्रदेशातल्या महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. बुद्धी असूनही पैशाची सोय मध्येच तुटली तर काय होते, याचे हे उदाहरण शंभर वर्षांनंतरही विसरण्याजोगे नाही.

मोठे विद्यापीठ म्हणजे काय?

उदाहरणादाखल मँचेस्टर घेऊ. स्वदेशीच्या चळवळीत ज्या गावच्या कापडाच्या होळ्या झाल्या, तेच हे गाव. आजचे मँचेस्टर विद्यापीठ २००४ मध्ये तिथल्या दोन जुन्या संस्था एकत्र येऊन बनले. विद्यार्थी ४० हजारांहून अधिक. रदरफर्ड यांनी अणूच्या गाभ्याचा शोध इथेच लावला आणि ग्राफीन हा पदार्थही २००४ मध्ये इथेच वेगळा करण्यात आला.

आपल्या राणी दुर्गावती विद्यापीठाला अनेक महाविद्यालये संलग्न आहेत. शिकवतात महाविद्यालये, परीक्षा घेते विद्यापीठ. मँचेस्टर, लीड्ससारख्या ठिकाणी तसे नसते. शिकवणे, परीक्षा, ग्रंथालय, प्रयोगशाळा हे सारे विद्यापीठाचेच. त्यामुळे विद्यापीठाचे नाव मोठे म्हणून डोळे मिटून जाण्याऐवजी आपला विषय शिकवणारा विभाग कसा आहे, विषय कोणते, प्रकल्प किती महिन्यांचा, हे वाचून ठरवावे. क्रमवारीचे आकडे विद्यापीठाचे असतात, मुलाला शिकायचे असते एका विभागात.

पदवी की पदव्युत्तर?

बारावीनंतर जायचे तर पदवीचा अभ्यासक्रम इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षांचा असतो. त्यासाठी यूकास या मध्यवर्ती संस्थेमार्फत एकच अर्ज करायचा आणि त्यात पाच पर्याय निवडता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकशास्त्राची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या मध्यावर संपते. इतर बहुतेक अभ्यासक्रमांची जानेवारीत. स्वतःविषयीचे निवेदन पूर्वी एका सलग निबंधासारखे असे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात. हा विषय का, आतापर्यंतच्या अभ्यासाने कशी तयारी झाली, आणि शाळेबाहेर त्यासाठी काय केले, असा त्यांचा रोख आहे. एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक विद्यापीठे सीबीएसईच्या आणि राज्य मंडळाच्या गुणांसाठी वेगवेगळी अट ठेवतात. मध्य प्रदेश मंडळाच्या विद्यार्थ्याने आपल्या मंडळाची टक्केवारी नेमकी तपासावी.

आपल्याकडून जाणारी बरीच मुले मात्र पदवीनंतर जातात. एम.एस्सी. किंवा एम.ए. बहुधा एका वर्षात पुरे होते. अर्ज थेट विद्यापीठाकडे. आपली तीन वर्षांची बी.एस्सी., बी.कॉम. पदवी तिथे सर्वसाधारणपणे चालते, ही मोठी सोय आहे.

अर्जाचे पंचांग

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतात, असे धरून मागे मोजत यावे.

आदल्या वर्षीचा जून-जुलै : विषय आणि विद्यापीठे निवडा. पासपोर्ट काढा. विद्यापीठाकडून गुणपत्रकांचा अधिकृत उतारा, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट मागवा. तो एका दिवसात मिळत नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर : इंग्रजीची परीक्षा द्या. बारावीत इंग्रजीला चांगले गुण असल्यास काही विद्यापीठे सूट देतात, ते आधी विचारा. चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्जही याच काळात भरायचा असतो.

ऑक्टोबर ते जानेवारी : अर्ज करा. दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. त्यांना किमान महिनाभर आधी सांगावे.

फेब्रुवारी ते मे : उत्तरे येतात. अटीवर मिळालेला प्रवेश म्हणजे अंतिम प्रवेश नव्हे. शेवटच्या वर्षाचे गुण कमी पडले तर तो हुकतो.

जून ते ऑगस्ट : अनामत रक्कम, वसतिगृह, क्षयरोगाची तपासणी आणि व्हिसा.

मराठी घरांत आणखी एक घोळ हमखास होतो. पासपोर्टवर मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, तर इथल्या गुणपत्रकावर नुसते नाव आणि आडनाव. स्पेलिंगही कधी वेगळे. हे सारे वर्षभर आधी जुळवून घ्या. जन्माचा दाखला हिंदीत किंवा मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

पैशाचा खरा हिशेब

एक वर्षाच्या एम.एस्सी.ची फी ३० हजार पौंड धरू. विषय आणि विद्यापीठ यांप्रमाणे ती कमी किंवा बरीच जास्तही असते. लंडनबाहेर राहण्याखाण्याचा खर्च म्हणून ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १,१७१ पौंड हा आकडा धरला आहे. बारा महिन्यांचे झाले सुमारे १४ हजार. व्हिसासोबत आरोग्य सेवेचा अधिभार भरावा लागतो. वर्षाला ७७६ पौंड या दराने एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला, व्हिसाचे जादा महिने धरून, १,१६४ पौंड होतात. व्हिसाची फी २०२५ मध्ये ५२४ पौंड होती. सगळे मिळून ४५ हजार ७०० पौंडांच्या आसपास. पौंड ११५ रुपयांचा धरला तर सुमारे ५२ लाख रुपये. विमानाचे तिकीट वेगळे. लंडनमध्ये राहणे याहून बरेच महाग पडते.

यातले ४० लाख कर्जाने उभे केले, व्याज १० टक्के आणि मुदत दहा वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता ५३ हजारांच्या घरात जातो. शिक्षण चालू असतानाचे व्याज वेगळे. सार्वजनिक बँका मोठ्या कर्जाला सहसा तारण मागतात आणि आपल्याकडे तारण म्हणजे राहते घर. म्हणून सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. मुलाला तिथे नोकरी लागली नाही आणि तो वर्षाने परत आला, तर इथल्या पगारावर हा हप्ता फिटेल का? उत्तर "हो" असेल तर खुशाल जावे. उत्तर "बघू" असेल तर कर्ज कमी करा, स्वस्त विद्यापीठ शोधा किंवा एखादे वर्ष थांबा.

शिष्यवृत्त्या आणि एक खास अडचण

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी असते. तिला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती १९५९ पासून आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना कर्जरूपाने साहाय्य देते. डॉ. जयंत नारळीकर टाटा शिष्यवृत्तीवरच १९५७ मध्ये केंब्रिजला गेले. तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर, बनारसला वाढलेले.

इथेच जबलपूरकरांची खास अडचण येते. घरात मराठी बोलतो, गणपती बसवतो, पण कागदोपत्री आपण मध्य प्रदेशचे रहिवासी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या महाराष्ट्र शासनाच्या योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी असतात. पुण्यातल्या मावसभावाला मिळाली म्हणून आपल्याला मिळेल, या भरवशावर राहू नये. आपण मध्य प्रदेश शासनाच्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीच्या योजना आणि केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती पाहावी. ही केंद्रीय योजना अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. तिला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख असून पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र केंद्रीय योजना आहे.

व्हिसा : काकांचे पैसे चालत नाहीत!

आपल्याकडे अडीअडचणीला काका, मामा, आजोबा धावून येतात. व्हिसाच्या नियमाला हे नाते समजत नाही. दाखवायची रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यातच हवी आणि ती सलग २८ दिवस तिथे असायला हवी. एक दिवस जरी खाते त्याखाली गेले तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. शेअर आणि प्रॉव्हिडंट फंड धरत नाहीत. बँकेने मंजूर केलेल्या शैक्षणिक कर्जाचे पत्र चालते. काकांना मदत करायचीच असेल तर ती खूप आधी वडिलांच्या खात्यात यायला हवी.

छातीची तपासणी कोणत्याही डॉक्टरकडची चालत नाही. नेमून दिलेल्या दवाखान्यातूनच क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो आणि तो सहा महिने ग्राह्य असतो. बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई किंवा दिल्लीसारखे केंद्र गाठावे लागते. एकाच फेरीत दोन्ही कामे होतील अशी तारीख घ्या, म्हणजे दुसरे तिकीट वाचेल.

एजंटाकडे जायचे असल्यास तो विद्यापीठाचा मान्यताप्राप्त प्रतिनिधी आहे का, ते विद्यापीठालाच विचारा. "कागदांचे आम्ही बघतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. खोटा कागद सापडला तर दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचे दार बंद होऊ शकते आणि शिक्षा एजंटाला नव्हे, मुलाला होते.

लग्न झालेल्यांसाठी एक सूचना. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या बहुतेक एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना पती, पत्नी किंवा मुले सोबत नेता येत नाहीत.

तिथे गेल्यावर

पहिल्या निकालाला घाबरू नका. तिथे ७० गुण म्हणजे उत्तम, ६० ते ६९ म्हणजे चांगले. आपल्याकडे ९० मिळवणाऱ्याला ६४ पडले तर घरी रडारड नको. पुस्तकातले जसेच्या तसे उतरवणे मात्र तिथे चोरी समजतात. दुसऱ्याचे वाक्य घेतले की त्याचे नाव द्यायचे, ही सवय इथूनच लावावी.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. त्यातून भाजीपाला निघेल, फी निघणार नाही. पोहोचल्याबरोबर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स माफ असतो, पण घर इतरांबरोबर भाड्याने घेताना करार नीट वाचावा. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. मुलांना उदास वाटू लागते ते याच दिवसांत. विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि हो, बॅगेत जबलपूरची खव्याची जिलबी आणि घरचे तूप कोंबू नका. दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेण्यास तिथे बंदी आहे. मेतकूट, गोडा मसाला, कुकर बिनघोर न्या.

परत आल्यावर

शिक्षणानंतर तिथे काम शोधण्यासाठी दोन वर्षे राहता येत असे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही मुदत १८ महिनेच मिळणार आहे. पीएच.डी.धारकांना तीन वर्षे. तेव्हा "तिकडेच कायमचे" हे गृहीत धरून कर्ज काढू नये.

परतणाऱ्यांसाठी दिलासा असा की जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात परस्परांच्या पदव्या मान्य करण्याचा करार झाला. त्यामुळे तिथली एक वर्षाची मास्टर्स पदवीही आपल्याकडे धरली जाते. वैद्यक, इंजिनिअरिंग, कायदा, वास्तुशास्त्र अशा व्यावसायिक पदव्या या करारात येत नाहीत. त्यांचे नियम संबंधित परिषदेकडे विचारावेत.

ज्यांना खर्च झेपणारा नाही, त्यांच्यासाठी दारे उघडू लागली आहेत. साउथहॅम्प्टन विद्यापीठाने २०२५ मध्ये गुरुग्रामला आपली शाखा सुरू केली.

एक गोष्ट शेवटी. मुलाला जायचे आहे का, हे त्याला एकट्याला जवळ बसवून विचारा. शेजाऱ्यांचा मुलगा गेला म्हणून, एजंटाने सवलत दिली म्हणून किंवा इथे प्रवेश मिळाला नाही म्हणून निघालेली मुले डिसेंबरच्या अंधारात लवकर खचतात. ज्याला तो विषय त्या विभागात शिकायची ओढ आहे आणि ज्याच्या घरचा हिशेब कागदावर बसतो, त्याने जरूर जावे. त्याच्यासाठी घरच्यांनी थोडी काटकसर केली तर ती वाया जात नाही.