ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर यांची जोडी

हायडनची ९४ वी सिंफनी १७९२ साली लंडन येथे प्रथम वाजली. तिच्या दुसऱ्या भागात संथ, हळुवार सूर चालू असता एकाएकी सारा वाद्यवृंद प्रचंड आघात करतो. तंबोऱ्याच्या गुंजनावर पडणारी तबल्याची पहिली थापही अशीच अवचित असते. घरच्या यंत्रावर मात्र असे आघात पुष्कळदा बोथट वा चिरके ऐकू येतात. ह्याचा दोष दर वेळी ध्वनिमुद्रणाचा नसतो. अनेकदा तो ॲम्प्लिफायर व लाउडस्पीकर यांच्या विजोड जोडीचा असतो.

ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. ती ३ डेसिबेलने वाढविण्यास दुप्पट, १० ने वाढविण्यास दसपट आणि २० ने वाढविण्यास शंभरपट विद्युत्शक्ती लागते. आणि दसपट शक्ती खर्चूनही कानाला आवाज सुमारे दुप्पटच वाटतो.

समजा, एखाद्या लाउडस्पीकरला १ वॅट दिला असता १ मीटरवर ८७ डेसिबेल आवाज मिळतो. खोलीत ३ मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत तो साधारण ८० डेसिबेल उरेल. हीच सरासरी पातळी धरली, तर तिच्याहून २० डेसिबेल उंच जाणाऱ्या आघातास १०० वॅट हवेत. तोच लाउडस्पीकर ९० डेसिबेलचा असल्यास ५० वॅट पुरतात. म्हणून खरेदीच्या वेळी वॅटांच्या आधी हा आकडा विचारावा. पैसा वाचतो तो येथेच.

लहान ॲम्प्लिफायर घेतला म्हणजे लाउडस्पीकर सुरक्षित, ही समजूत फसवी आहे. कुवतीबाहेर ताणलेला ॲम्प्लिफायर ध्वनिलहरींचे माथे छाटतो. छाटलेल्या लहरींत मूळ संगीतात नसलेले उच्च ध्वनी शिरतात, सरासरी शक्तीही वाढते, आणि हा भार नाजूक ट्वीटरवर पडून त्याची बारीक तार जळू शकते. अर्थात मोठा ॲम्प्लिफायरही बेसुमार चढविल्यास तोच अनर्थ करील.

रोधाचाही मेळ पाहावा. ८ ओहमऐवजी ४ ओहमचा लाउडस्पीकर जोडल्यास त्याच आवाजपातळीवरील विद्युत्दाबाला सुमारे दुप्पट प्रवाह लागतो. तो पेलेल असे निर्मात्याने नमूद केले असेल, तरच तशी जोडणी करावी.

आघाताच्या वेळी चिरकेपणा जाणवताच आवाज उतरवावा. मंद आणि तीव्र यांतील अंतर राखण्यासाठी थोडी शक्ती सदैव शिल्लक असावी लागते. ती क्वचितच खर्च होते, पण त्या क्षणी तीच संगीत सांभाळते.