बरे व्हायचे आहे, असे म्हणणारा माणूस



'बरा होणे' या शब्दांचा अर्थ कर्जतच्या श्रोत्यांना मी सांगावा, असे नाही. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र २००६ पासून आपल्याच तालुक्यात आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तेथे आणतात, त्यांच्यावर औषधोपचार करतात आणि माणूस आपले नाव-गाव सांगू लागला की त्याला त्याच्या घरी पोचवतात. या कार्याला ज्या तरुणापासून आरंभ झाला, तो नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पीत होता. उपचार झाल्यावर तो विज्ञानाचा पदवीधर असल्याचे कळले. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

हे सारे ज्यांनी जवळून पाहिले, त्यांच्यापैकी एखादी आई आपल्या स्वमग्न मुलाचा हात धरून विचारील, "मग याच्यासाठी का नाही औषध?" तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र वेगळे आहे. आणि मला आज बोलायचे आहे ते त्याच्याही पुढच्या प्रश्नाविषयी. तोच मुलगा पंचविशीचा होऊन स्वतःच म्हणाला, "मला हे नको आहे, मला बरे व्हायचे आहे," तर आपण त्याच्याशी कसे वागावे?

प्रथम फरक समजून घेऊ. स्किझोफ्रेनियासारखा विकार बहुधा तारुण्यात जडतो. माणूस आधी घडलेला असतो. विकार त्याला झाकून टाकतो आणि औषधाने ते झाकण पुष्कळदा दूर होते. स्वमग्नतेचे तसे नाही. तिची मुळे मेंदूच्या घडणीतच, बहुतांशी जन्माआधीच असतात. अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. माणसांशी संबंध जोडणे अवघड जाणे, बोलणे उशिरा येणे किंवा वेगळ्या तऱ्हेने येणे, ठरलेल्या क्रमात बदल न सोसणे, ही तिची ठळक लक्षणे. आवाज, उजेड, स्पर्श अनेकांना असह्य होतात. कर्जत स्थानकात घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावतात, तेव्हाचा धक्का आणि कर्कश आवाज आपण विसरून जातो. अशा एखाद्याला तो अंगावर घाव पडल्यासारखा वाटतो. कोणी जन्मभर बोलत नाही, कोणी उत्तम नोकरी करतो. या दोन टोकांना आपण एकच शब्द लावतो, हे ध्यानात असू द्यावे. स्वमग्नताच नाहीशी करील असे औषध आज जगात कोठेही नाही.

आता 'बरे व्हायचे आहे' म्हणणाऱ्याला काय काय ऐकावे लागते ते पाहा. घरचे म्हणतात, "महडच्या वरदविनायकाला नवस बोलू, होईल सगळे नीट." यात माया आहे, पण त्याचे म्हणणे ऐकणे नाही. दुसरा कोणी म्हणतो, "जरा मनावर घे, चारचौघांत मिसळ." हा तर पांगळ्याला धावण्याचा उपदेश झाला. तिसरा भेटतो तो दुकानदार. त्याच्याकडे उपचार तयारच असतो, फक्त पैसे मोजायचे असतात.

चौथे उत्तर अलीकडचे आहे, आणि ते स्वमग्न माणसांच्याच चळवळीतून आले आहे. "तुला काहीही झालेले नाही, तू वेगळा आहेस, बदलायचे असेल तर समाजाने बदलावे." १९९३ साली जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने पालकांना उद्देशून लिहिले, की आमच्यासाठी शोक करू नका. त्या सुमारास ही चळवळ उभी राहिली. तिच्या रागाला कारण होते. १९५० च्या आणि १९६० च्या दशकांत नामांकित तज्ज्ञ सांगत, की आईच्या थंड वागण्याने मूल असे होते. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली ते मत पुराव्यानिशी खोडून काढले. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. 'बरे करण्या'च्या नावाखाली मुलांना मारहाण झाली, कोंडून ठेवणे झाले. ज्यांच्यावर हे गुजरले, त्यांनी 'उपचार' या शब्दाचाच धसका घेतला, तर नवल नाही.

परंतु याच चळवळीच्या काही लोकांनी पुढे एक अन्याय केला. लॉस एंजलिसचे जोनाथन मिचेल हे स्वतः स्वमग्न असलेले लेखक उघडपणे लिहीत आले, की या अवस्थेने माझे नुकसान केले, मला उपाय हवा आहे. अशा माणसांना 'तू स्वतःचा द्वेष करतोस, आपल्याच लोकांशी वैर करतोस' असे ऐकावे लागले. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपण इतरांना ऐकवतो. मग ती येथे का विसरावी? टेंपल ग्रँडिन या प्राध्यापिका म्हणतात, मला स्वमग्न राहणेच आवडेल. त्यांचे म्हणणे जितके खरे, तितकेच मिचेल यांचेही खरे. एकाच्या समाधानाने दुसऱ्याचे दुःख खोटे ठरत नाही.

मग त्याची इच्छा मानायची, म्हणजे तो मागेल तो उपचार मिळवून द्यायचा काय? नव्हे. येथे १९९९ सालचा एक प्रयोग आठवावा. सिक्रेटिन नावाच्या पाचक ग्रंथिरसाच्या टोचणीने मुले सुधारतात, अशी त्याआधी वर्षभर मोठी हवा झाली होती. संशोधकांनी ६० मुले घेतली. निम्म्यांना सिक्रेटिन टोचले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. सुधारणा दोन्ही गटांत सारखीच दिसली! आणि हे सांगितल्यावरही दोन-तृतीयांशाहून अधिक पालकांना ते औषध हवेच होते. आशा ही अशी बळकट गोष्ट आहे. म्हणूनच तिचा व्यापार होतो. २००५ साली अमेरिकेत शरीरातील धातू काढून टाकण्याच्या उपचारात एक पाच वर्षांचा स्वमग्न मुलगा दगावला. आपल्याकडे मूलपेशींच्या टोचणीसाठी कुटुंबे लाखो रुपये घालवतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले, की स्वमग्नतेवर या उपचाराची शिफारस करता येत नाही. दागिने गहाण टाकण्यापूर्वी हे वाक्य प्रत्येक घरात पोचले पाहिजे.

तेव्हा योग्य वाट कोणती? मला वाटते, तिचा आरंभ एका साध्या प्रश्नाने होतो: "तुला नेमका कशाचा त्रास होतो?" 'बरे व्हायचे आहे' या तीन शब्दांच्या पोटात बहुधा पाच-सात वेगळी दुःखे असतात. झोप येत नाही, यावर उपाय आहे. फेपरे येते, स्वमग्न माणसांत ते इतरांहून अधिक आढळते, आणि त्यावर औषध आहे. सतत भीती वाटते, मन खचते, यांवर उपचार आहेत. अनावर चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन या औषधाला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. त्याने वजन वाढते आणि स्वमग्नता जात नाही, हेही सांगितले पाहिजे. बोलता येत नाही, त्याला चित्रांच्या पाटीने वा यंत्राच्या साहाय्याने मनातले सांगता येते. आणि ज्याचे बोलणे आपल्याला कळत नाही, त्याच्या वतीने आई-बाप 'बरे करा' म्हणतात, तेव्हा ही इच्छा कोणाची, हेही विचारावे.

सरकारी साहाय्यही आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आली, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ती आहे. न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत वैद्यकीय खर्चाचा विमा मिळतो. खोपोलीच्या वा खालापूरच्या ज्या कुटुंबाला दर आठवड्याला उपचारासाठी लोकलने मुंबई गाठावी लागते, त्याला ही माहिती हवी.

आणि काही दुःखे अशी, की त्यांचे औषध गावापाशीच असते. कॅनर यांच्या ११ मुलांपैकी पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. लहानपणी त्याला एका संस्थेत ठेवले होते, आई-बापांनी परत आणले. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावात तो बँकेत नोकरी करीत, गोल्फ खेळीत राहिला आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. घरची बँक होती, हे खरे. सर्वांचे नशीब तसे नसते. तरी गावाने त्याला 'आपला' म्हटले, याला पैसे पडले नव्हते.

म्हणून माझे मागणे इतकेच. उद्या तुमच्या आळीतला कोणी म्हणाला, "मला बरे व्हायचे आहे," तर त्याला नवस सांगू नका, दटावू नका, आणि 'तू आहेस तसाच छान आहेस' असे म्हणून गप्पही करू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कशाने बरे वाटेल? उत्तराला वेळ लागेल. तो वेळ द्या.