विश्लेषण : रात्रभर बाजूला ठेवलेला फोन खरेच झोपतो का? प्रोसेसरच्या झोपेचा हिशेब कोण तपासते?

काशीमीरा : रात्री 80 टक्के चार्ज असलेला फोन सकाळी 60 टक्क्यांवर दिसला, की पहिला संशय बॅटरीवर जातो. दुकानात जाऊन नवी बॅटरी टाकली जाते आणि आठवडाभराने पुन्हा तोच अनुभव येतो. अशा वेळी दोष बॅटरीचा नसून फोनचा प्रोसेसर रात्री नीट झोपला नाही, असेही असू शकते. तो झोपला की नाही हे अभियंत्यांना आकड्यांवरून कळते. हे आकडे ‘ड्रायव्हर’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम दाखवतो. मात्र त्या ड्रायव्हरचाच हिशेब चुकला तर काय? म्हणूनच हा कोड स्वीकारण्यापूर्वी त्याची ओळ न् ओळ तपासली जाते. ही तपासणी कशी होते आणि तिचा आपल्या खिशातल्या फोनशी काय संबंध, ते समजून घेऊ.

प्रोसेसर झोपतो म्हणजे नेमके काय होते?

प्रोसेसरला सतत काम नसते. आपण मेसेज वाचत असतो तेव्हाही दोन कामांच्या मध्ये त्याला हजारो छोट्या फटी मिळतात. या फटींमध्ये तो स्वतःचे काही भाग बंद करतो. या झोपेच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर फक्त आतले घड्याळ थांबते. पुढच्या पायरीवर त्या भागाचा वीजपुरवठा तोडला जातो. सर्वात खोल पायरीवर जवळपास संपूर्ण चिप शांत होते आणि मेमरीही जेमतेम माहिती टिकवण्यापुरत्या विजेवर राहते.

झोप जितकी खोल, तितकी वीज कमी लागते. पण जागे व्हायला वेळ आणि वीज दोन्ही जास्त लागतात. काशीमीरा नाक्यावर सिग्नलला थांबलेला रिक्षाचालक हेच गणित करतो. दोन मिनिटे थांबायचे असेल तर तो इंजिन बंद करतो. पाच सेकंदांसाठी करत नाही. लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे यंत्र आणि अ‍ॅप यांच्यामधल्या मूळ प्रणालीत, हा निर्णय घेणारी ‘सीपीयू-आयडल’ ही यंत्रणा जानेवारी 2008 मध्ये आलेल्या 2.6.24 आवृत्तीपासून आहे. अँड्रॉइड याच लिनक्स कर्नेलवर चालते. त्यामुळे हा विषय सर्व्हरपुरता मर्यादित नाही, तो बहुतेकांच्या हातातल्या फोनचा आहे.

या झोपेची नोंद कोण ठेवते?

नोंदी दोन ठिकाणी होतात. पहिली नोंद कर्नेल स्वतः ठेवते. प्रोसेसरचा प्रत्येक गाभा कोणत्या पायरीवर किती वेळा गेला आणि तिथे एकूण किती मायक्रोसेकंद राहिला, हे त्यात असते. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. मात्र या नोंदीत एक मेख आहे. कर्नेलने खोल झोपेची मागणी केली, तरी हार्डवेअर ती मान्य करेलच असे नाही. एखादा भाग अजून कामात असेल तर चिप उथळ झोपेवरच थांबते. कर्नेलच्या वहीत मात्र मागितलेली पायरीच लिहिली जाते.

म्हणून दुसरी नोंद महत्त्वाची ठरते. संपूर्ण चिप झोपते तेव्हा कर्नेलही झोपलेले असते. त्या वेळी चिपमधला एक छोटा, कायम जागा असणारा नियंत्रक हिशेब ठेवतो. इंटेलच्या चिपमध्ये वीज व्यवस्थापनाचा वेगळा नियंत्रक असतो, तर क्वालकॉमच्या चिपमध्ये हे काम एका छोट्या स्वतंत्र प्रोसेसरकडे असते. सोसायटी झोपलेली असताना कोण कधी आले-गेले हे फक्त वॉचमनच्या रजिस्टरवरून कळते, तसाच हा प्रकार. ड्रायव्हरचे काम एवढेच, की ते रजिस्टर उघडायचे आणि माणसाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचे.

मग त्यात चुकण्यासारखे काय आहे?

क्वालकॉमच्या झोपेचे आकडे दाखवणारा ड्रायव्हर अनेक सुधारित आवृत्त्यांनंतर 2021 च्या अखेरीस मुख्य लिनक्स कर्नेलमध्ये स्वीकारला गेला. तो मुख्यतः चार गोष्टी दाखवतो : किती वेळा झोप झाली, शेवटची झोप कधी लागली, शेवटची जाग कधी आली आणि एकूण झोप किती झाली. मोडेम, ध्वनी सांभाळणारा प्रोसेसर, ग्राफिक्सचा भाग अशा वेगवेगळ्या भागांची नोंद वेगळी असते, कारण हे भाग स्वतंत्रपणे झोपतात आणि उठतात.

आता तपासणाऱ्याच्या मनात येणारा प्रश्न पाहा. समजा, ध्वनीचा प्रोसेसर रात्री 11 वाजता झोपला आणि सकाळी 6 वाजता आपण नोंद वाचली, तेव्हाही तो झोपलेलाच आहे. एकूण झोपेचा आकडा तर जाग आल्यावरच वाढतो. म्हणजे हे सात तास हिशेबात दिसणारच नाहीत! वॉचमनच्या रजिस्टरमध्ये आत गेल्याची वेळ आहे, बाहेर पडल्याची नाही. म्हणून तो माणूस आलाच नव्हता असे म्हणण्यासारखे हे झाले.

या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी खास तपासणी आहे. झोप लागल्याची शेवटची वेळ ही जाग आल्याच्या शेवटच्या वेळेनंतरची असेल, तर तो भाग अजून झोपलेला आहे असे ड्रायव्हर समजतो आणि चालू झोपेचा वेळ एकूण आकड्यात मिळवतो. अवघ्या दोन ओळींचा हा कोड. तो नसता तर जो भाग सर्वात शांत झोपला होता, तोच सर्वात जास्त जागा राहिल्याचा निष्कर्ष निघाला असता.

टिक, सेकंद आणि हरवलेले सहा तास

दुसरा सापळा एककांचा आहे. हार्डवेअर सेकंद मोजत नाही, ते घड्याळाचे ठोके म्हणजे टिक मोजते. क्वालकॉमच्या चिपमधले हे घड्याळ सेकंदाला 1 कोटी 92 लाख ठोके देते. हे ठोके 32 बिटच्या जागेत साठवले, तर ती जागा साधारण 3 मिनिटे 44 सेकंदांत भरते आणि आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. जुन्या स्कूटरचे किलोमीटरचे मीटर सगळे नऊ झाल्यावर शून्यावर येई, तसेच. हीच मोजणी 64 बिटमध्ये ठेवली तर जागा भरायला सुमारे 30 हजार वर्षे लागतील. कोडमध्ये फरक दिसतो तो एका शब्दाचा.

मायक्रोसेकंदांतही हीच गोष्ट घडते. मायक्रोसेकंदांतला आकडा 32 बिटमध्ये मावतो तो जेमतेम 71 मिनिटे 35 सेकंदांपर्यंत. लॅपटॉप सलग सात तास झोपला, तर पाच वेळा शून्यावर येऊन शेवटी आकडा दिसेल सुमारे 62 मिनिटांचा. वापरकर्त्याला वाटेल, सात तासांपैकी सहा तास यंत्र जागेच होते. प्रत्यक्षात ते गाढ झोपलेले होते. चुकला तो गुणाकार.

इंटेलच्या ड्रायव्हरबाबतचे उदाहरण तर प्रत्यक्ष घडलेले आहे. सर्वात खोल झोप मोजणाऱ्या काउंटरचा एक टिक किती वेळाचा, हे इंटेलच्या प्रत्येक पिढीत सारखे नाही. काही पिढ्यांत तो 100 मायक्रोसेकंदांचा, तर ‘टायगर लेक’ पिढीत 122 मायक्रोसेकंदांचा आहे. सगळ्यांना एकाच मापाने गुणल्यामुळे दिसणारा आकडा चुकत होता. 2020 मध्ये ही दुरुस्ती झाली आणि प्रत्येक पिढीचे माप वेगळे नोंदवले गेले. 122 च्या जागी 100 ने गुणले, तर सात तासांची झोप 5 तास 44 मिनिटांची दिसते. सव्वा तास कागदावरून गायब!

तपासणी कशी होते?

लिनक्स कर्नेलमधला बदल ‘पॅच’ म्हणून सार्वजनिकरीत्या पाठवला जातो. पाठवणाऱ्याला त्यावर आपल्या नावाची सही करावी लागते; ही पद्धत 2004 पासून आहे. मग त्या विभागाचा मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा जबाबदार अभियंता, आणि इतर जाणकार प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारतात. उत्तर पटले नाही तर दुसरी आवृत्ती येते, मग तिसरी. तपासणाऱ्याने मान्यता दिली की त्याचेही नाव त्या बदलासोबत कायमचे नोंदवले जाते. पुढे चूक निघाली तर कोणी लिहिले आणि कोणी पाहिले, हे लपत नाही.

झोपेचे आकडे दाखवणाऱ्या ड्रायव्हरला काही ठरावीक प्रश्न विचारावे लागतात. आकडा वाचण्यासाठी झोपलेल्या भागाला उठवावे तर लागत नाही ना? कारण मोजण्यासाठीच उठवले तर मोजमापच झोप बिघडवते. प्रोसेसरच्या एखाद्या गाभ्याचे अंतर्गत काउंटर वाचताना असे खरोखर घडते. दुसरा प्रश्न : ज्या चिपमध्ये ही नोंदच नाही, तिथे ड्रायव्हर काय दाखवणार? ‘शून्य’ आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरा प्रश्न आकडे कुठे दाखवायचे याचा. ‘डीबग-एफएस’ ही जागा अभियंत्यांसाठी असते. तिथली मांडणी उद्या बदलली तरी चालते. ‘सिस-एफएस’ मध्ये मात्र एका फाइलमध्ये एकच आकडा असावा, असा दंडक आहे. तिथे दिलेला आकडा म्हणजे जगभरातल्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द. तो सहजासहजी मोडता येत नाही. म्हणून नवा ड्रायव्हर आकडे थेट सिस-एफएसमध्ये मांडू लागला, की तपासणारे सावध होतात.

सामान्य वापरकर्त्याला हे आकडे दिसतात का?

लॅपटॉपवर बऱ्याच अंशी दिसतात. झाकण बंद करून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप ऑफिसला पोहोचेपर्यंत गरम झालेला असतो, ही तक्रार नवी नाही. आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘स्लीप’ दिल्यावर सॉफ्टवेअर थांबते; पण हार्डवेअर खोल झोपेत गेलेच असे नसते. हा फरक कळावा म्हणून 2023 मध्ये लिनक्समध्ये हार्डवेअरच्या प्रत्यक्ष झोपेचा वेळ दाखवणाऱ्या वेगळ्या फाइल्स आल्या : शेवटच्या वेळी किती झोप झाली आणि एकूण किती. विंडोजवर ‘मॉडर्न स्टँडबाय’ असलेल्या लॅपटॉपमध्ये ‘स्लीपस्टडी’ नावाचा अहवाल काढता येतो. कोणत्या उपकरणाने किंवा प्रोग्रॅमने झोप मोडली, हे त्यात कळते.

फोनवर मात्र हे मूळ आकडे कंपनी आणि अभियंत्यांपुरतेच राहतात. आपल्याला दिसतो तो बॅटरी वापराचा तक्ता.

महाराष्ट्राचा संबंध काय?

ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर उभी आहेत. तिथल्या सर्व्हरवर लिनक्स मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. उत्तर लवकर मिळावे म्हणून काही ठिकाणी प्रोसेसरची खोल झोप मुद्दाम बंद ठेवली जाते. या निर्णयाची विजेतली किंमत किती, हे झोपेच्या आकड्यांशिवाय मोजता येत नाही. आकडे चुकीचे असतील तर निर्णयही चुकतो आणि बिल मात्र खरेच येते.

दुसरा संबंध विद्यार्थ्यांचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीत ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवला जातो. हा ड्रायव्हर समजायला सी भाषा, बिटचे गणित आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते. तपासणीत भाग घ्यायला कोणत्याही कंपनीचे ओळखपत्र लागत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर पॅच चालवून ‘माझ्याकडे आकडा असा येतो’ एवढे पुराव्यासह कळवले, तरी चाचणी करणारा म्हणून नावाची नोंद होऊ शकते. मीरा रोडच्या एखाद्या घरातला सात वर्षे जुना लॅपटॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत असेलच असे नाही. अनेकदा चूक नेमकी अशाच यंत्रावर सापडते.

बॅटरी बदलण्याआधी काय पाहावे?

एक सोपी चाचणी घरीच करता येते. एका रात्री फोन नेहमीप्रमाणे ठेवा आणि झोपताना व उठल्यावर चार्ज लिहून घ्या. दुसऱ्या रात्री तितक्याच चार्जवर, तितकेच तास एअरप्लेन मोडवर ठेवा. दुसऱ्या रात्रीची घट अगदी कमी असेल, तर बॅटरीपेक्षा नेटवर्क किंवा एखादे अ‍ॅप फोनला उठवत असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी कमकुवत सिग्नल, सतत सिंक होणारी अ‍ॅप आणि रखडलेले सॉफ्टवेअर अपडेट आधी तपासा. दोन्ही रात्री सारखीच मोठी घट दिसली, तर मात्र दुकानात जाऊन बॅटरी तपासून घेतलेली बरी.