उजव्या हाताची खूण

एक्मो म्हणजे हृदय किंवा फुफ्फुसं थकली असताना शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणारं यंत्र. भारतात ते रुजवणाऱ्या डॉक्टरांपैकी एक म्हणजे मुंबईतल्या मालाड पश्चिमेच्या रिद्धिविनायक क्रिटिकल केअर अँड कार्डिॲक सेंटरचे डॉ. प्रणय ओझा. २०१० मध्ये स्थापन झालेल्या ‘एक्मो सोसायटी ऑफ इंडिया’च्या उभारणीतही ते होते. कोविडच्या लाटांत एक्मोचं नाव उपनगरांतल्या घराघरांत पोचलं. पण पेशंट या यंत्रावर असताना खुद्द हृदयाला रक्त कुठून मिळतं, हे नातेवाइकांना क्वचितच कुणी समजावून सांगतं.

यंत्र शिरेतून काळपट रक्त ओढतं, कृत्रिम फुफ्फुसात त्यात प्राणवायू मिसळतं आणि ते रक्त परत शरीरात सोडतं; मोठ्या माणसात मिनिटाला साधारण चार-पाच लिटर. फक्त फुफ्फुसं बिघडली असतील तर हे लाल रक्त शिरेतच परत देतात. ते उजव्या कप्प्यातून, फुफ्फुसांतून, नेहमीच्याच वाटेनं हृदयधमन्यांत पोचतं.

हृदयही थकलेलं असेल, तर रक्त बहुधा मांडीच्या धमनीतून परत देतात. तिथून ते महाधमनीत उलट्या दिशेनं वर चढतं. हृदयधमन्या मात्र महाधमनीच्या अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर फुटतात. हृदय सावरून जोरानं आकुंचन पावू लागलं, की ते आजारी फुफ्फुसांतून आलेलं, प्राणवायू कमी असलेलं रक्त पुढे ढकलतं. महाधमनीत दोन प्रवाह समोरासमोर येतात. पाय गुलाबी राहतात, आणि हृदयाला व मेंदूला काळपट रक्त मिळतं! हृदय सुधारतंय या आनंदाच्या क्षणीच हा धोका वाढतो. त्यात हृदयाचा स्नायू एरवीही मिळालेल्या प्राणवायूतला सुमारे सत्तर टक्के भाग वापरतो. त्याच्याकडे शिल्लक फारशी नसते.

म्हणून ऑक्सिमीटर उजव्या हाताच्या बोटाला लावतात आणि तपासणीचं रक्तही उजव्या मनगटातूनच घेतात. त्या हाताची धमनी महाधमनीच्या पहिल्या मोठ्या फांदीतून निघते, त्यामुळे हृदयाला काय मिळत असेल याचा सर्वांत जवळचा अंदाज तिथेच येतो. डाव्या हाताचा चांगला आकडा फसवू शकतो. उजव्या हाताच्या आकड्यावरचं आयसीयूतल्या परिचारिकेचं लक्ष मोठमोठ्या यंत्रांइतकंच मोलाचं आहे.

दुसरी अडचण दाबाची. उलट येणाऱ्या प्रवाहापुढे दुबळ्या हृदयाला झडप उघडता येत नाही. डावा कप्पा फुगतो, आतला दाब वाढतो आणि स्नायूत रक्त शिरणं अवघड होतं. अशा वेळी औषधांनी किंवा बलून पंपानं कप्पा हलका करावा लागतो.

उजव्या हाताचा आकडा घसरला, तर व्हेंटिलेटरच्या सेटिंग बदलतात, किंवा लाल रक्ताचा काही भाग शिरेतही सोडतात. हृदय पुरेसं सावरलं असेल, तर धमनीतली नळी काढून पेशंटला फक्त फुफ्फुसांना आधार देणाऱ्या, म्हणजे रक्त शिरेतच परत देणाऱ्या एक्मोवर नेतात.