एका बालरुग्णाचे ऋण

मनुष्याच्या वाट्यास लहानपणी जे दुःख येते, त्याचे तो मोठेपणी काय करतो, ह्यावरून त्याच्या मनाची जात ओळखावी, असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. ह्या बाबतीत जगात दोन प्रकारची माणसे आढळतात. 'आम्ही सोसले, आता तुम्हीही सोसा,' असे म्हणणारी एक. आणि 'आम्ही सोसले तेवढे पुरे झाले, तुमच्यावर ती पाळी न येवो,' असे म्हणणारी दुसरी. पहिल्या प्रकारची उदाहरणे शोधावयास दूर जावे लागत नाही. सासूच्या हाताखाली पोळलेली सून स्वतः सासू झाली म्हणजे 'चार दिवस सासूचे' ही म्हण तिला अर्धीच आठवते. ज्या मास्तरांनी बालपणी तळहातावर छड्या झेलल्या, तेच पुढे छडी उचलण्यात अधिक तत्पर असत, हे आमच्या व्यवसायातील जुनी मंडळी मान्य करतील. दुसऱ्या प्रकारची माणसे थोडी. परंतु जगाचे पुष्कळसे भले त्यांच्या हातून झाले आहे. अशांपैकी एकाची कथा आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

देवीची लस शोधून काढणाऱ्या एडवर्ड जेन्नर ह्याचे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेले असेल. परंतु क्रमिक पुस्तकांत जेन्नर भेटतो तो एकदम प्रौढ डॉक्टर म्हणून. गाय, गवळण आणि लस एवढ्यात त्याची गोष्ट संपते. त्याच्या आयुष्यातील जो प्रसंग मुलांना सर्वांत आधी सांगावयास पाहिजे, तो मात्र वगळला जातो. तो प्रसंग असा की, हा वैद्य होण्यापूर्वी, अवघ्या आठव्या वर्षी, त्याच रोगापायी हालअपेष्टा भोगलेला एक रुग्ण होता.

देवी ह्या रोगाची दहशत काय होती, ह्याची आजच्या तरुण मातांस कल्पनाही करवणार नाही. आमच्या वैद्यकग्रंथांत ह्याला मसूरिका म्हटले आहे. अंगावर मसुरीच्या दाण्यांसारखे फोड उठतात म्हणून हे नाव. लोकांनी त्याला 'देवी'च म्हटले, कारण ज्या संकटापुढे कोणताच उपाय चालत नाही त्यापुढे हात जोडण्याखेरीज दुसरे काय उरते? ज्यांना हा रोग होई त्यांपैकी दहांत दोन किंवा तीन दगावत. जे वाचत त्यांचा चेहरा जन्माचा व्रणांकित होई, आणि कित्येकांची दृष्टी जाई. एकदा देवी येऊन गेल्या म्हणजे पुन्हा येत नाहीत, एवढे मात्र सर्व देशांतील लोकांस अनुभवाने ठाऊक होते.

त्या अनुभवावरूनच एक उपाय निघाला होता. सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील द्रव घेऊन तो निरोगी माणसाच्या त्वचेवर चरा पाडून त्यात घालावयाचा, म्हणजे त्याला हलक्या देवी येऊन तो कायमचा सुरक्षित होई. हिंदुस्थानात व तुर्कस्थानात ही रीत चालू होती. इंग्लंडात ती रुजविण्याचे श्रेय लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ह्या बाईंकडे जाते. त्यांना स्वतःला 1715 साली देवी येऊन चेहरा विद्रूप झाला होता. पुढे पती राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेले असता त्यांनी तेथील ही रीत पाहिली, 1718 साली आपल्या मुलाला टोचवून घेतले, आणि 1721 मध्ये लंडनला मुलीलाही. म्हणजे ह्या विद्येच्या मुळाशीही एक रुग्णच होती.

परंतु ह्या रीतीत दोन दोष होते. टोचलेल्यांपैकी शंभरांत एखाददुसरा मरे. आणि टोचलेल्या माणसापासून दुसऱ्यास खऱ्या देवींचा संसर्ग होई, म्हणून त्याला वेगळे कोंडून ठेवावे लागे. त्यातच इंग्लंडातील वैद्यांनी ह्या साध्या क्रियेभोवती 'पूर्वतयारी'चे मोठे अवडंबर रचले होते.

जेन्नरचा जन्म 17 मे 1749 रोजी ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली ह्या लहान गावी झाला. वडील तेथील धर्मोपदेशक होते. एडवर्ड पाच वर्षांचा असताना 1754 साली आई व वडील दोघेही गेले, आणि वडील बंधूंनी त्याचा सांभाळ केला. आठव्या वर्षी त्याला देवी टोचण्यासाठी पाठविण्यात आले. मूल चांगले धट्टेकट्टे, लाल गालांचे होते. टोचण्यापूर्वी सुमारे सहा आठवडे त्याचे रक्त काढण्यात आले, पुन्हा पुन्हा रेच देण्यात आले, आणि नाममात्र अन्नावर उपाशी ठेवण्यात आले. रक्त पातळ झाले म्हणजे देवी सौम्य येतात अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती. पोर वाळून काटकी झाले, तेव्हा त्याला टोचले. आणि मग संसर्ग पसरू नये म्हणून एका तबेल्यात, इतर आजारी मुलांबरोबर, जनावरांस दावणीला बांधावे तसे ठेवले. सुदैवाने त्याच्या सोबतच्यांपैकी कोणी दगावले नाही. पण घरी परतल्यावर त्याची झोप उडाली. कानांत नसलेले आवाज येऊ लागले. एकाएकी होणाऱ्या खणखणाटाने दचकण्याची त्याची खोड तर जन्मभर सुटली नाही, असे त्याच्या स्नेह्यांनी लिहून ठेवले आहे.

आता विचार करा. आईवेगळे आठ वर्षांचे मूल. ज्यांनी त्याला तेथे पाठविले ते त्याच्या हिताचेच करीत होते. ज्यांनी त्याचे रक्त काढले तेही दुष्ट नव्हते. सर्वांचा हेतू चांगला, आणि तरीही मुलाच्या वाट्यास छळ! अशा मुलाने वैद्याच्या सावलीलाही उभे राहू नये, हेच स्वाभाविक होते. परंतु चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो एका शल्यवैद्याकडे उमेदवार म्हणून राहिला. एकविसाव्या वर्षी, 1770 साली, तो लंडनला जॉन हंटर ह्या विख्यात शल्यविशारदाचा शिष्य झाला. नुसता तर्क करीत बसू नये, प्रयोग करून पाहावे, हा हंटरचा उपदेश त्याने आयुष्यभर पाळला. लंडनची प्रतिष्ठा सोडून तो आपल्या गावी परतला व खेड्यापाड्यांतून रोग्यांस तपासू लागला. निरीक्षणाची दृष्टी मात्र इतकी तीक्ष्ण, की परक्या घरट्यात जन्मलेले कुक्कू पक्ष्याचे पिल्लू शेजारची अंडी स्वतः ढकलून देते हे त्याने दाखवून दिले, आणि त्या निबंधाबद्दल रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले.

गावातील वैद्य ह्या नात्याने त्यालाही मुलांना देवी टोचाव्याच लागत. दुसरा उपाय नव्हता. सटन नावाच्या वैद्यकुटुंबाने प्रचारात आणलेली सौम्य पद्धत तो वापरी. येथे एखाद्या पहिल्या प्रकारच्या माणसाने म्हटले असते, 'माझ्या वेळेपेक्षा तुमचे किती सोपे आहे!' आणि तेथेच समाधान मानले असते. जेन्नर तेथे थांबला नाही. ज्यांना गाईंच्या आचळांवरील फोडांचा संसर्ग होऊन गेला आहे, त्यांना टोचूनही देवी उठत नाहीत, ही गवळी-शेतकऱ्यांची बोलवा होती. डॉर्सेटमधील बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर 1774 साली त्या भरवशावर आपल्या बायकोला व दोन मुलांना गाईच्या फोडातील द्रव टोचलाही होता. विद्वानांनी हसून सोडून दिलेली ही गोष्ट जेन्नरने वर्षानुवर्षे नोंदी ठेवून तपासली.

अखेर 14 मे 1796 रोजी सारा नेल्म्स ह्या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव घेऊन त्याने आपल्या माळ्याच्या मुलाला टोचला. ह्या मुलाचे नाव जेम्स फिप्स. आणि त्याचे वय होते आठ वर्षे. ह्याच वयात जेन्नर तबेल्यात पडला होता! ह्या मुलाचे रक्त काढले नाही, त्याला उपाशी ठेवले नाही, कोंडले नाही. नवव्या दिवशी त्याला थोडी हुडहुडी भरली, डोके किंचित दुखले, जेवण नकोसे झाले. दुसऱ्या दिवशी तो खडखडीत बरा होता. 1 जुलै रोजी त्याला खऱ्या देवी टोचून पाहिल्या. त्या उठल्या नाहीत.

एका गरिबाच्या मुलावर असा प्रयोग करावा काय, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येईल, आणि तो आलाच पाहिजे. आजचे नियम अशा प्रयोगास मुळीच परवानगी देणार नाहीत, हे योग्यच आहे. एवढे मात्र लक्षात घ्यावे की, खऱ्या देवी टोचणे ही त्या काळी प्रत्येक सावध आईबापाने मुलासाठी करून घ्यावयाची नेहमीची गोष्ट होती. जेन्नर त्या मुलाला विसरलाही नाही. पुढे त्याने फिप्सला राहावयास विनाभाडे घर दिले, आणि 1823 साली जेन्नर वारला तेव्हा फिप्स त्याच्या अंत्यविधीस हजर होता.

एकाच मुलाचा पुरावा पुरेसा नाही म्हणून रॉयल सोसायटीने त्याचा लेख स्वीकारला नाही. तेव्हा आणखी प्रयोग करून त्याने 1798 साली 23 प्रकरणांची हकीकत स्वखर्चाने प्रसिद्ध केली. हा उपाय गुप्त ठेवता तर त्याला अमाप पैसा मिळाला असता. त्याने तो जगाला खुला केला, मागेल त्याला लस पाठविली, आणि बागेतल्या एका झोपडीत गोरगरिबांस फुकट टोचले. त्या पत्रव्यवहारापायी त्याचा धंदा बुडू लागला, तेव्हा पार्लमेंटने 1802 साली 10,000 व 1807 साली 20,000 पौंड दिले. लॅटिन भाषेत गाईला 'व्हॅक्का' म्हणतात, त्यावरून 'व्हॅक्सीन' शब्द झाला. आणि जेन्नरच्या सन्मानार्थ हेच नाव सर्व लसींस द्यावे असे पाश्चरने 1881 साली सुचविले.

आमच्या प्रांताशी ह्या कथेचा संबंध फार जवळचा आहे. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करीत, एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जात, ही लस मुंबईस पोहोचली, आणि 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात ह्या लसीचा पहिला गुण आला तो ह्या बालिकेस. तिच्या दंडावरच्या फोडातूनच पुढे देशभर लस गेली. 'देवी काढणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. आमच्या पिढीतील बहुतेकांच्या दंडावर त्याचे वाटोळे वण अजून आहेत. नातवंडे ते वण पाहून कुतूहलाने विचारतात, कारण त्यांच्या दंडावर ते नाहीत. हिंदुस्थानात देवीचा शेवटचा रोगी 1975 साली आढळला, आणि 1980 च्या मे महिन्यात हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

ह्या रोगाची नैसर्गिक लागण झालेला जगातील शेवटचा रुग्ण म्हणजे सोमालियातील मर्का गावचा अली माओ मालिन. हा तेथील रुग्णालयात स्वयंपाकी होता. टोचल्याने दुखेल ह्या भीतीने त्याने लस टाळली होती. 1977 च्या ऑक्टोबरात, 23 व्या वर्षी, त्याला देवी आल्या. तो वाचला. पुढे त्याने पोलिओनिर्मूलनाच्या कार्यास वाहून घेतले. लसीस नाखूष असलेल्या आईबापांना तो स्वतःचीच गोष्ट सांगे. 2013 साली हेच काम करीत असताना हिवतापाने त्याला मृत्यू आला. आठ वर्षांच्या जेन्नरपासून ह्या स्वयंपाक्यापर्यंत धागा एकच: स्वतःला झालेली पीडा दुसऱ्यास होऊ नये.

आता ज्या घरांत चार बिऱ्हाडांची मुले एकत्र वाढतात, त्या घरांतील वडील मंडळींस आमचे एक सांगणे आहे. मूल आजारी पडले म्हणजे आपण औषध, पथ्य, डॉक्टरांची फी ह्यांची चिंता करतो. पण ते मूल अंथरुणावर पडून सर्व पाहत असते, हे विसरतो. 'रडलास तर डॉक्टर सुई टोचतील,' असा धाक घालू नये. 'मुळीच दुखणार नाही,' अशी थापही मारू नये. किंचित दुखेल, आणि ते कशासाठी, हे सरळ सांगावे व हात धरून जवळ बसावे. उपाय कितीही हिताचा असला तरी मुलाला तबेल्यात एकटे वाटू देऊ नये. प्रत्येक आजारी मुलाचा जेन्नर होत नाही, हे खरे. परंतु आपल्या दुखण्यात मायेचा हात लाभलेले मूल पुढे डॉक्टर होवो, परिचारिका होवो वा नुसता शेजारी होवो, दुसऱ्याच्या उशाशी कसे बसावे हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही.