नाव दुसऱ्याचे, गोष्ट आपली?

नववीच्या वर्गात बाकाखालून एक वही फिरत होती. आम्ही ती काढून घेतली. आत एका प्रसिद्ध कोरियन गायकाची गोष्ट होती. तो उल्हासनगरला येतो, पावसात लोकल अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये अडकते, डब्यात त्याला एक मुलगी भेटते. भाषा सुरेख होती. पुढे मात्र एका अभिनेत्रीचे चोरटे संबंध, तिचे कपट, तिचे खासगी क्षण. तिचे नाव तेवढे खरे, बाकी सगळे मनचे.

आम्ही रागावलो. मुलगी म्हणाली, "टीचर, हे खोटं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मग कुणाचं काय बिघडलं?" आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. कल्पनेने लिहा, असे आम्हीच तर शिकवतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, "अनारकलीला भिंतीत कुणी चिणले?" सगळे ओरडले, "अकबराने!" इतिहासात याला भक्कम पुरावा नाही. इम्तियाज अली ताज यांचे नाटक १९२२ चे, 'मुघल-ए-आझम' १९६० चा. गोष्ट कल्पनेची आहे हे लोक विसरले, अकबराचे नाव मात्र तिला चिकटून राहिले. तो तर बादशहा होता आणि १६०५ मध्ये वारला. वहीतली अभिनेत्री आज हयात आहे, तिलाही घरदार आहे.

माणसातला खरा दोष पाठीमागे सांगणे ही गीबत आणि नसलेला चिकटवणे हे बोहतान, हे मुले मकतबात शिकतात. मुलीची नियत वाईट नव्हती. पण पानाचा फोटो मोबाइलवर फिरू लागला की लिहिणाऱ्याची नियत त्याच्यासोबत जात नाही.

मोठ्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका मुखपत्रात छापली गेली आणि खटला झाला. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालताना कवीचे स्वातंत्र्य अमर्याद नसते, असा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाचा आशय आहे.

मग लिहूच नये का? तसे नाही. अ‍ॅना टॉड यांनी हॅरी स्टाइल्स या गायकाला नायक करून 'आफ्टर' ही कथा वॉटपॅडवर लिहिली. २०१४ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा नायकाचे नाव हार्डिन झाले होते. गोष्ट तरीही वाचली गेली.

आम्ही वही परत केली आणि नावे बदलायला सांगितले. आठवड्याने मुलीने ती दाखवली. लोकलचा प्रसंग तसाच होता, अभिनेत्रीची पाने नव्हती. "टीचर, तिचं नाव काढल्यावर त्यात मजाच उरली नाही."

पालकांनो, अशी वही हाती लागली तर फाडू नका. आधी वाचा. मग मुलीला एवढेच विचारा: हे तुझ्या बहिणीचे नाव घालून कुणी लिहिले असते, तर?