प्रकाशकण मोजणारे सिलिकॉन आणि त्यातील दोष

एकेक प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, टिपणाऱ्या सिलिकॉनच्या संवेदकात संवेदनक्षमता आणि सदोषपणा यांची झुंज अखंड चालू असते. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर या संवेदकाच्या काही चौरस मिलिमीटर पृष्ठभागावर शेकडो ते हजारो सूक्ष्म कोष्ठिका असतात. प्रत्येक कोष्ठिकेला तिच्या सहनमर्यादेहून थोडा जास्त विद्युतदाब दिलेला असल्याने एका फोटॉनने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन पुढचे इलेक्ट्रॉन मोकळे करत जातो, आणि सुमारे 10 लाख इलेक्ट्रॉनांचा हा लोंढा जोडलेल्या रोधामुळे क्षणात थांबतो. मात्र पहिला इलेक्ट्रॉन प्रकाशाने सुटला की उष्णतेने, हे कोष्ठिकेला ओळखता येत नाही.

लोह किंवा तांब्याचे अत्यल्प अणू स्फटिकात शिरले, तरी उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटणे सोपे होते आणि पूर्ण अंधारातही खोटे संकेत उमटतात. म्हणून ज्या सिलिकॉन चकतीवर कोष्ठिका घडवल्या जातात, तिच्या मागच्या बाजूस फॉस्फरसयुक्त थर देऊन या धातूंना तिकडे ओढून अडकवले जाते. शिवाय लोंढ्यातून निघालेला क्षीण प्रकाश शेजारच्या कोष्ठिकेला चेतवू नये, यासाठी दोहोंमध्ये अरुंद चर कोरले जातात. खरे कसब या शुद्धीकरणात आहे.

महाराष्ट्राचा या संवेदकांशी संबंध जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील सीएमएस प्रयोगातून आला. तेथील बाह्य हॅड्रॉन कॅलरीमापकाचे, म्हणजे प्रबळ चुंबकाच्या बाहेर कणांची उरलेली ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रणेचे, चमकणारे प्लास्टिक पत्रे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भारतात घडले. त्यांतील प्रकाश वाचणाऱ्या जुन्या नलिकांना चुंबकक्षेत्राचा त्रास होत असल्याने त्वरक बंद असलेल्या 2013-14 च्या विरामकाळात त्यांच्या जागी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर बसवले गेले. पत्रे भारतीय, पण संवेदक जपानी, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. कारण तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने याच प्रयोगासाठी कणवेधी सिलिकॉन पट्टी-संवेदक आधीच तयार करून दाखवले होते.

अशा संवेदकांची गरज आता महाराष्ट्रातही भासणार आहे: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या मुख्य लेसरचा अवरक्त प्रकाश मोजण्यास सिलिकॉनऐवजी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड सोयीचे असले, तरी निर्दोष स्फटिकाची अट तीच राहते. म्हणून त्याच मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांनी पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना संवेदकाचा अंधारातील प्रवाह मोजण्याचे प्रात्यक्षिक आतापासूनच द्यावे.